व्हर्टिगो खपाअभावी बंद पडलं का?

प्रश्न तीन पदरी आहे. 'सँडमन', 'प्रीचर', 'फेबल्स' अशी पुस्तकं देणारं व्हर्टिगो हे डीसी कॉमिक्सचं, म्हणजे बॅटमनच्या प्रकाशकाचं, इम्प्रिंट (वेगळ्या नावानं चालणारा विभाग) बंद का पडलं? त्यात घटलेल्या खपाचा वाटा किती आणि मालक कंपनीचा किती? आणि आता ते नाव पुन्हा बाहेर काढलंय, तर जुने दिवस येतील का? मी बरीच वर्षं चित्रकथांची पुस्तकं संपादित केली आहेत आणि लेखक-चित्रकारांना त्यांचे करार वाचून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूनं देतो. खप घटला हे खरं आहे, पण व्हर्टिगो त्यानं गेलं नाही. आधी डीसीच्या मालकीची पात्रं काढून घेतली गेली आणि करार बदलले, मग संपादकाकडचे अधिकार गेले, आणि त्यानंतरही काही वर्षं मुखपृष्ठावर नाव छापलं जात राहिलं.

नाव १९९३ चं असलं तरी गोष्ट जुनी आहे. व्हर्टिगो उभं करणाऱ्या संपादक कॅरन बर्गर १९७९ मध्ये डीसीत पॉल लेविट्झ (पुढे डीसीचे अध्यक्ष) यांच्या सहायक म्हणून लागल्या. त्या सुपरहिरो वाचत वाढलेल्या नव्हत्या आणि माझ्या मते तेच त्यांचं भांडवल ठरलं. १९८०च्या दशकात 'स्वॉम्प थिंग' ही भयकथांची मालिका त्यांच्याकडे आली तेव्हा ब्रिटिश लेखक ॲलन मूर ती लिहीत होते. १९८४ मध्ये त्याच मालिकेचा २९वा अंक कॉमिक्स कोडच्या, म्हणजे प्रकाशकांनीच घालून घेतलेल्या सेन्सॉरच्या, शिक्क्याशिवाय निघाला. १९५४ पासून अमेरिकेतल्या कॉमिक्सवर बसलेला तो शिक्का नसला तरी पुस्तक खपतं, हे तेव्हा घरातल्या घरात सिद्ध झालं. मग बर्गर यांनी ब्रिटनमधून माणसं आणली: जेमी डेलानो, नील गेमन, ग्रँट मॉरिसन, पीटर मिलिगन. 'हेलब्लेझर', 'सँडमन', 'ॲनिमल मॅन', 'डूम पेट्रोल', 'शेड' अशा मालिका उभ्या राहिल्या. १९९३ मध्ये या सगळ्यांना एका छताखाली आणून व्हर्टिगो हे नाव दिलं गेलं.

यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी व्हर्टिगोच्या फळीवर ज्या नियमित मालिका होत्या, त्या सगळ्या डीसीच्या मालकीच्या पात्रांवरच्या होत्या. म्हणजे घर उभं राहिलं ते मालकाच्या जमिनीवर. लेखक-चित्रकारांच्या स्वतःच्या कल्पना नंतर आल्या: १९९५ चं 'प्रीचर', १९९९ चं 'हंड्रेड बुलेट्स', २००२ मध्ये 'वाय: द लास्ट मॅन' आणि 'फेबल्स'. इम्प्रिंट लोकांच्या लक्षात राहिलं ते या दुसऱ्या फळीमुळे. पण पहिल्या फळीशिवाय दुसरी झालीच नसती.

'हेलब्लेझर'चं उदाहरण घ्या. जॉन कॉन्स्टंटिन हा लंडनच्या गल्ल्यांत फिरणारा, सिगारेट ओढणारा, मित्रांना गोत्यात आणणारा मांत्रिक. मालिका १९८८ मध्ये सुरू झाली आणि महिन्यामागून महिना, ३०० अंक चालली. ही व्हर्टिगोची तालीम होती. गार्थ एनिस एकविसाव्या वर्षी तिथे उतरला आणि तिथून 'प्रीचर'कडे गेला. वॉरन एलिस, ब्रायन अझरेलो, माइक कॅरी, डेनीस मीना, पीटर मिलिगन सगळे त्या मातीतून गेले. चालू मालिका हातात असली की संपादकाला नवा माणूस पारखता येतो. चार अंक द्यायचे, मुदत पाळतो का ते बघायचं, चित्रकाराशी जमतं का ते बघायचं, मगच त्याच्या स्वतःच्या कल्पनेवर कंपनीचा पैसा लावायचा. ही सोय ज्या प्रकाशनाकडे नसते, तिथे प्रत्येक नवं पुस्तक हा जुगार असतो.

आता पैशाचं गणित, कारण बहुतेक लोक इथेच घसरतात. अमेरिकेत मासिक अंक कॉमिक्सच्या खास दुकानांतून विकले जातात. दुकानदार दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवतो आणि न खपलेला माल परत करता येत नाही, म्हणून तो हात राखूनच मागणी देतो. परिणामी जवळजवळ प्रत्येक मालिकेची मागणी अंकागणिक घसरत जाते. सुपरहिरोंच्या बाबतीत नवा क्रमांक एक काढून, मोठा प्रसंग घडवून ती वर खेचता येते. शेवट ठरलेल्या साठ अंकी कादंबरीला ती सोय नसते. मग व्हर्टिगो जगलं कसं? संग्रहांवर. 'सँडमन'चे अंक १९९० च्या सुमारास पुस्तकरूपात येऊ लागले, साध्या पुस्तकांच्या दुकानांत गेले आणि तिथेच राहिले. मालिका १९९६ मध्ये ७५ अंकांवर संपली, पण पुस्तकं दरवर्षी पुन्हा छापली जात राहिली. मासिक अंक म्हणजे चित्रकाराला दर पानामागे मिळणाऱ्या मोबदल्याची सोय आणि जाहिरात, खरी कमाई मागाहून, हे लेविट्झ यांच्या काळात डीसीला कळलेलं होतं. २००९ मध्ये 'द अनरिटन'चा पहिला अंक एका डॉलरला विकला तो याच हिशेबानं.

या यशाचा तोटा असा की वाचक शहाणा झाला. पुढेमागे पुस्तक येणारच आहे, तर महिन्याला अंक कशाला घ्यायचा? मासिक खप आणखी खाली आला. २००५ नंतरचे आकडे बघून "व्हर्टिगो मरतंय" असं म्हणणारे लोक खरं तर मासिकांचाच आकडा बघत होते. तो आकडा वाईट होता हे मला मान्य आहे. पण ज्या धंद्यात पैसा सहाव्या, दहाव्या वर्षीही येत राहतो, त्याची परीक्षा चौथ्या महिन्यात घेतली तर नापासच निकाल लागणार.

चौथ्या महिन्यात परीक्षा घेण्याची घाई कुठून आली, हे बघायला 'मिंक्स' पुरेसं आहे. २००७ मध्ये बर्गर आणि त्यांच्या सहकारी संपादक शेली बाँड यांनी किशोरवयीन मुलींसाठी हे वेगळं इम्प्रिंट काढलं. पहिलं पुस्तक 'द प्लेन जेन्स'. पुस्तकांच्या दुकानांत हवी तशी जागा मिळेना आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये, जेमतेम दीड वर्षात, दुकान आवरलं. २०१० मध्ये मुलांची पुस्तकं काढणाऱ्या स्कोलास्टिकनं रैना टेल्गमायरचं 'स्माइल' आणलं आणि पुढच्या दशकात अमेरिकेतल्या चित्रकथांचा सगळ्यात वेगानं वाढणारा वाचक नेमका हाच ठरला. 'द प्लेन जेन्स' २०२० मध्ये दुसऱ्या प्रकाशकानं पुन्हा काढलं. अंदाज बरोबर होता, माणसं बरोबर होती, फक्त थांबायची तयारी नव्हती. ही गोष्ट मी नव्या प्रकाशकांना वारंवार सांगतो आणि ते दरवेळी मान डोलावतात.

आता मालकाकडे वळू. डीसी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वॉर्नरच्या कुटुंबात आहे, म्हणजे कंपनीची मालकी काही २००९ मध्ये अवतरली नाही. आणि जुने मालक फार उदार होते असंही नाही. १९८९ मध्ये 'स्वॉम्प थिंग'च्या ८८व्या अंकात येशू ख्रिस्त येणार होता. बर्गर यांनी कथा मंजूर केली होती, चित्रं चालू होती, आणि वरून नकार आला. मालिकेचे लेखक रिक व्हीच काम सोडून गेले. १९९९ मध्ये शाळेतल्या गोळीबारावरची एलिसची 'हेलब्लेझर'मधली कथा कोलंबाइन हत्याकांडानंतर रोखली गेली. एलिसनं मालिका सोडली आणि कथा २०१० मध्ये छापली गेली. मूर तर त्याआधीच डीसीवर उखडून गेलेले. तेव्हा सुवर्णयुगाच्या आठवणी काढणाऱ्यांनी जरा बेतानं घ्यावं. फरक इतकाच की तेव्हा नकार एखाद्या अंकाला मिळत होता. पुढची कथा कुठली, लेखक कोण, पुस्तक छापत ठेवायचं की नाही, हे ठरवणारी माणसं प्रकाशन धंद्यातलीच होती.

३१ ऑगस्ट २००९ ला डिस्नीनं मार्व्हल विकत घेत असल्याचं जाहीर केलं; किंमत सुमारे ४ अब्ज डॉलर. काही दिवसांतच वॉर्नरनं डीसी एंटरटेनमेंट नावाची नवी कंपनी जाहीर केली, डायन नेल्सन तिच्या प्रमुख झाल्या आणि लेविट्झ पदावरून उतरले. २०१० च्या फेब्रुवारीत जिम ली आणि डॅन डिडिओ सहप्रकाशक बनले. मी या माणसांना खलनायक करत नाही. डीसीच्या पात्रांचे चित्रपट, मालिका, खेळ एका सूत्रात ओवणं हे काम त्यांना नेमून दिलेलं होतं आणि ते त्यांनी केलं. पण त्या कामात व्हर्टिगोची जागा अवघड होती. जे पुस्तक लेखकाच्या नावावर आहे, ज्याचा शेवट ठरलेला आहे आणि ज्यातली पात्रं बॅटमनला कधी भेटणार नाहीत, त्याचं अशा कंपनीनं करायचं काय?

पहिल्यांदा जमीन परत घेतली गेली. स्वॉम्प थिंग आणि कॉन्स्टंटिन २०११ पर्यंत सुपरहिरोंच्या कथांत परतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीसीनं सगळ्या मालिका नव्यानं सुरू केल्या, त्यात 'ॲनिमल मॅन' आणि 'स्वॉम्प थिंग' होते, आणि कॉन्स्टंटिनला घेऊन 'जस्टिस लीग डार्क' निघालं. दीडेक वर्ष दोन कॉन्स्टंटिन एकाच वेळी बाजारात होते. 'हेलब्लेझर'मधला खऱ्या काळाबरोबर म्हातारा होत आला होता. १९५३ चा जन्म, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. २०१३ च्या फेब्रुवारीत ३००व्या अंकावर त्याची मालिका थांबवली आणि पुढच्या महिन्यात तरुण कॉन्स्टंटिनची नवी मालिका आली. तालीम गेली, आणि तालमीबरोबर नवी माणसं घडवायची सोय गेली. माझ्या लेखी व्हर्टिगोला बसलेला सगळ्यात मोठा घाव हाच. वर्तमानपत्रांतून आणि मुलाखतींतून त्याची चर्चा लाडक्या पात्राच्या वियोगासारखी झाली, संपादकीय नुकसानाबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

दुसरा घाव कराराचा. व्हर्टिगोत लेखक-चित्रकारांच्या मूळ कल्पनांचा स्वामित्वहक्क बहुधा त्यांच्या नावे असे. कंपनी त्यांना कामाच्या काळात पानांचे पैसे देई, पुस्तक छापण्याचा हक्क तिच्याकडे राही, आणि चित्रपट-मालिकांच्या व्यवहारातही तिचा हात आणि वाटा असे. १९९५ मध्ये हा सौदा उत्तम होता. एक चित्रकार महिन्याला वीस-बावीस पानं काढतो. तेवढ्यात त्याचा महिना संपतो. त्याला कुणीतरी त्या महिन्याचे पैसे द्यायलाच हवेत.

पण २०१० मध्ये 'द वॉकिंग डेड' दूरचित्रवाणीवर आलं. रॉबर्ट कर्कमनचं ते पुस्तक इमेज कॉमिक्सकडे होतं. इमेज १९९२ पासूनची कंपनी. ती छपाई-वितरणासाठी ठरावीक रक्कम कापते आणि हक्कांना हात लावत नाही. आगाऊ पैसे मात्र बहुधा देत नाही. म्हणजे तिथे जायचं तर पहिले सहा महिने स्वतःच्या खिशातून काढायचे. तरी लोक गेले, कारण आता चित्रपट-मालिकांच्या हक्कांची किंमत सगळ्यांना दिसत होती. 'वाय: द लास्ट मॅन' लिहिणारे ब्रायन के. वॉन २०१२ मध्ये फिओना स्टेपल्सबरोबर 'सागा' घेऊन इमेजकडे गेले. दहा वर्षं आधी ते पुस्तक व्हर्टिगोचंच झालं असतं. पहिल्या संग्रहाची किंमत ९.९९ डॉलर ठेवली, म्हणजे पहिला घास स्वस्तात देण्याची व्हर्टिगोची युक्तीसुद्धा बरोबर नेली! आणि नेमक्या याच सुमारास व्हर्टिगोच्या नव्या करारांच्या अटी कडक होत असल्याचं लेखकांच्या वर्तुळात बोललं जाऊ लागलं. शेजारचं दुकान सगळे हक्क देऊ करत असताना आपण जास्त मागायचं, हा हिशेब फक्त अशाच माणसाला सुचतो ज्याला नवी पुस्तकं आणण्यापेक्षा आहेत ती मालमत्ता राखण्याची काळजी आहे.

कराराच्या बाबतीत 'फेबल्स'चं प्रकरण जरूर वाचा. बिल विलिंगहॅम यांनी २००२ ते २०१५ असे १५० अंक लिहिले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी डीसीशी चाललेल्या भांडणाला कंटाळून 'फेबल्स' सार्वजनिक मालकीचं झाल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. डीसीनं लगेच हक्क आपलेच असल्याचं सांगितलं. कायद्याच्या बाजूनं त्या घोषणेत किती दम आहे, हा वकिलांचा विषय. मला महत्त्वाची वाटली ती त्यांची तक्रार: करार केला तेव्हाची माणसं अर्थ लावताना सरळ वागत, ती गेल्यावर आलेल्यांनी त्याच कागदाचा वेगळा अर्थ काढला. असं इथेही होतं. एका मोठ्या समूहाच्या पुस्तक विभागाशी केलेला माझ्या एका चित्रकाराचा करार संपादक बदलताच असाच उलटला होता. तेव्हापासून "त्यांनी तोंडी सांगितलंय" हे वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवतो.

बर्गर जाणार असल्याचं डिसेंबर २०१२ मध्ये जाहीर झालं आणि २०१३ च्या मार्चमध्ये त्या गेल्या. शेली बाँड यांनी कारभार हाती घेतला, बऱ्याच नव्या मालिका काढल्या. पण बाजारात तोवर व्हर्टिगो हे हुशार लेखकाचं दुसऱ्या पसंतीचं दार झालं होतं. २०१५ मध्ये डीसीनं न्यूयॉर्कमधलं कार्यालय हलवून कॅलिफोर्नियात बर्बँकला नेलं, वॉर्नरच्या स्टुडिओशेजारी. ज्यांना जमलं नाही ते मागे राहिले. प्रकाशनाच्या शहरातून सिनेमाच्या शहरात जाणं हे कंपनीच्या बाजूनं सोयीचंच होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये फेररचनेत बाँड यांचं पद गेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीसीनं 'यंग ॲनिमल' नावाचं दुसरं "वेगळं" इम्प्रिंट सुरू केलं, पहिली मालिका 'डूम पेट्रोल'! यावर मी काही बोलत नाही.

शेवटचं पर्व लवकर आटोपलं. २०१८ मध्ये पंचविशीच्या निमित्तानं 'डीसी व्हर्टिगो' म्हणून नवा प्रारंभ झाला. 'बॉर्डर टाउन' सुरुवातीला चांगलं चाललं, पण लेखकावर झालेल्या आरोपांनंतर डिसेंबरात बंद झालं. तिथे कंपनीला दोष देता येणार नाही. मार्क रसेल आणि रिचर्ड पेस यांचं 'सेकंड कमिंग' मात्र छापण्याआधीच अडलं. पुन्हा येशूच, आणि या वेळी निषेधाची मोहीम. लेखकानं हक्क परत मागितले, ते मिळाले, आणि २०१९ च्या जुलैत अहॉय या छोट्या प्रकाशकानं पुस्तक काढलं. व्हर्टिगोनं जाहीर केलेलं 'सेफ सेक्स'सुद्धा शेवटी इमेजकडून आलं. २१ जून २०१९ ला डीसीनं व्हर्टिगो थांबवत असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षापासून वयोगटांप्रमाणे तीन विभाग: लहान मुलांचा, सर्वसाधारण, आणि सतरा वर्षांवरच्यांचा ब्लॅक लेबल.

वर्षभर आधी एटी अँड टी या दूरसंचार कंपनीनं डीसीची मालक टाइम वॉर्नर घेतली होती, म्हणून बऱ्याच जणांनी बिल तिच्या नावावर फाडलं. मला ते पटत नाही. जे उरलं होतं ते बंद करायला नव्या मालकाची गरज नव्हती. ब्लॅक लेबलचं पहिलं पुस्तक 'बॅटमन: डॅम्ड', २०१८ च्या सप्टेंबरमधलं. त्यात बॅटमन एका चित्रात नागडा दिसला, गदारोळ झाला, आणि पुढच्या आवृत्त्यांत तो अंधारात झाकला गेला. प्रौढांसाठी खास काढलेल्या विभागाची ही सलामी. व्हर्टिगोत प्रौढपणा विषयात होता, इथे तो मालकीच्या पात्राला चिकटवायचा होता, आणि पात्र महागडं असल्यामुळे तेही झेपलं नाही.

गंमत अशी की व्हर्टिगो बंद होत असतानाच त्याची पुस्तकं पडद्यावर गर्दी करत होती. 'आयझॉम्बी' २०१५, 'लूसिफर' आणि 'प्रीचर' २०१६, मग 'स्वीट टूथ' आणि 'वाय' २०२१, 'सँडमन' आणि 'डीएमझेड' २०२२. पडद्याला लागणारा कच्चा माल संपादक निवडत होते, आणि ती निवड थांबवून कंपनी साठा वापरत राहिली. व्हर्टिगोच्या शेवटच्या पाच वर्षांतलं असं किती पडद्यावर आलं ते शोधून बघा.

राहिला तिसरा प्रश्न. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या मेळ्यात डीसीनं व्हर्टिगो परत आणत असल्याचं सांगितलं आणि जेम्स टिनियन व अल्वारो मार्टिनेझ बुएनो यांचं 'द नाइस हाउस बाय द सी' त्या नावाखाली घेतलं. पुस्तक चांगलं आहे, घ्या. पण जुने दिवस येतील का, हे पुस्तकांच्या यादीवरून कळणार नाही. मी असतो तर तीन गोष्टी विचारल्या असत्या: पडद्याचे हक्क कुणाकडे आणि किती वर्षं; पुस्तक छापणं थांबलं तर हक्क आपोआप परत येतात का, आणि "छापणं थांबलं" कशाला म्हणायचं; आणि व्हर्टिगोच्या संपादकाला वरच्या मजल्यावर न विचारता होकार देता येतो का. दुसऱ्या कलमाकडे विशेष लक्ष द्या. डीसीनं काढलेलं 'वॉचमेन' छापणं बंद झालं की हक्क लेखक मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्याकडे परतणार होते. ते आजतागायत बंद झालेलं नाही.

टिनियन यांच्यासारख्या लेखकाकडे आज स्वतःची कंपनी आहे, वेगवेगळ्या प्रकाशकांकडे वेगवेगळी पुस्तकं आहेत. तो व्हर्टिगोला एक पुस्तक देतो, आयुष्य देत नाही. एनिस आणि वॉन यांच्या वयाचे जे कुणी आज पहिली कथा घेऊन फिरत आहेत, त्यांना पानांचे पैसे देणारा आणि चार अंकांची संधी देणारा संपादक तिथे बसवलाय का, एवढं बघा. माझ्याकडे करार घेऊन येणाऱ्या तरुण चित्रकारांपैकी ज्यांना तशी विचारणा होईल, त्यांना मी जा म्हणेन, कागद आधी दाखवायच्या अटीवर.